सुई, दोरा आणि आपली गोधडी



रानातली कामं उरकली असतील, भाकरी झाल्या असतील. घटकाभर बसा. जवळ सुई-दोरा असेल तर तोही घ्या, कारण आज आपण गोधडीविषयी बोलणार आहोत.

कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. उमरग्याच्या पुढं कर्नाटकची हद्द लागली की तीच कौदी होते. नाव काही असो, आपल्यातल्या बहुतेक जणी जन्मल्या त्या दिवशी कुणाच्या तरी जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळल्या गेल्या, आणि थंडीच्या रात्री आजीच्या वाकळीत पाय पोटाशी घेऊन झोपल्या. इतकी ही वस्तू ओळखीची. म्हणूनच तिच्याविषयी आपण कधी कुणाला काही विचारलं नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. नुकसान झालं तेव्हा विचारलं.

झालं असं. आमचा गट लोहारा तालुक्यातला, बारा जणींचा. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानदारानं जुन्या साड्यांच्या वीस गोधड्यांची ऑर्डर दिली. दिवाळीच्या आत पाहिजे होत्या. आम्ही गटातून कर्ज उचललं, जुन्या सुती साड्या गोळा केल्या, अस्तराला नवं कापड आणलं. घाई होती, म्हणून सुया जाड घेतल्या. पोती शिवायच्या दाभणापेक्षा जरा बारीक, एवढंच. दोरा नायलॉनचा घेतला, का तर तुटायला नको. काम झपाझप झालं. गोधड्या गेल्या, पैसे आले, आम्ही खूश झालो.

तीन महिन्यांनी वीसमधल्या अकरा गोधड्या परत आल्या. धुतल्यावर टाक्यांच्या जागी भोकं वाढली होती. जुनं मऊ कापड दोऱ्यानं करवतीसारखं कापलं होतं. काहींचं अस्तर आटून वरचं कापड फुगलं होतं. त्या अकरा गोधड्यांचे पैसे परत द्यावे लागले. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. त्या वर्षी सोयाबीन काढणीची मजुरी आम्ही हप्त्यात घातली. घरी काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा गटातल्या थोरल्या आजीनं परत आलेली एक गोधडी उन्हासमोर धरली. टाक्याटाक्यातून ऊन दिसत होतं. मग त्यांनी घरून स्वतःची वाकळ आणली. त्यांच्या सासूबाईंनी शिवलेली, भूकंपाच्या ढिगाऱ्यातून काढलेली. तीही उन्हात धरली. कापड विरलं होतं, रंग गेला होता, पण एकाही टाक्यातून ऊन येत नव्हतं. आजी एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, दोरा कापडापेक्षा दांडगा झाला की कापड मरतं. आणि सुई दोऱ्यापेक्षा दांडगी झाली की भोक उरतं."

हे आजीला माहीत होतं, मग आम्हाला कसं माहीत नव्हतं? आम्ही काही परक्या मुलखातून आलेल्या नाही. या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही गावोगावच्या म्हाताऱ्या बायांना भेटलो, शिकलेल्या लेकीबाळींकडून इतिहासाची पुस्तकं वाचून घेतली. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

तेरचं कापड

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या तेरपासून करू. आपल्याला तेर माहीत आहे ते गोरोबाकाकांमुळं. पण त्यांच्याही कितीतरी आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तेर हे मोठं व्यापारी शहर होतं. तेव्हाचं त्याचं नाव तगर. त्या काळात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रव्यापाराचं एक पुस्तक आहे. त्यात पैठण आणि तगर या दोन गावांची नावं येतात. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून गाड्या भरभरून माल भडोचच्या बंदराला जातो, असं त्यात लिहिलं आहे. माल कोणता? जाडंभरडं कापड पुष्कळ, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. तेरच्या लामतुरे संग्रहालयात तिथं सापडलेल्या जुन्या वस्तू ठेवल्या आहेत. त्यातली हस्तिदंताची बाहुली पाहायला लांबून माणसं येतात. तुम्ही गेला नसाल तर गटाची सहल काढून जा.

म्हणजे आपल्या मातीत कापड होतं, बैलगाड्या भरून बाहेर जाईल इतकं होतं. विकलेल्या कापडाची नोंद पुस्तकात झाली. घरात वापरून फाटलेल्या कापडाचं काय झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही. ते काम बायांचं होतं.

तरी एक खूण सापडते. संस्कृतात 'कंथा' असा शब्द आहे. चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र, असा त्याचा अर्थ. साधू-बैरागी ते पांघरत. बुद्धाच्या भिक्खूंनाही टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे धुऊन, जोडून चीवर शिवायची शिकवण होती. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. तेव्हा तुकडे जोडून वस्त्र करणं ही आपल्या मुलखात जुनी गोष्ट आहे, आणि एके काळी तिला मानही होता. बंगालमध्ये गोधडीला आजही 'कांथा' म्हणतात. बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. आपल्या शेजारी कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी समाजाच्या बाया कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्या कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात.

सुई कुठून आली

आता सुई. जगातल्या सगळ्यांत जुन्या सुया हाडांच्या आहेत. सायबेरियात चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीची नेढं असलेली सुई सापडली आहे. लोखंड आल्यावर लोहारानं सुया-दाभण केले. पण लोहाराच्या ऐरणीवर दाभण होतो, जाड सुई होते. केसासारखी बारीक, टोकाला तीक्ष्ण आणि तरी न वाकणारी सुई करणं अवघड काम. म्हणून बारीक सुई ही आपल्या पणज्यांच्या काळात मोलाची वस्तू होती.

इंग्रजांच्या राज्यात ती बाहेरून येऊ लागली. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या बहुतेक सुया त्या एका गावात आणि आसपास बनत. पोलादाची तार कापायची, दोन्ही टोकं दगडावर घासायची, मध्ये नेढं पाडायचं, मग एका तारेच्या दोन सुया करायच्या. टोक घासणाऱ्या कामगारांच्या छातीत दगड-पोलादाची भुकटी जाई आणि ती माणसं तरुणपणीच मरत. आपल्या हातातल्या एवढ्याशा सुईमागं तिकडच्याही गरिबांचा जीव गेलेला आहे. सुई काळ्या कागदात बांधून देण्याची पद्धत त्या काळातलीच. गंज लागू नये म्हणून तो कागद.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सोलापूर-बार्शी इंग्रजांकडं. मध्ये हद्द. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. पैसा वेगळा, इकडं हाली सिक्का. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती येडशी-ढोकीवरून लातूरला पोचली. बैलगाडीवर येणारा माल गाडीनं येऊ लागला. सोलापूरच्या जुन्या मिलचं, नरसिंग गिरजीचं, लक्ष्मी-विष्णूचं सूत आणि कापड आपल्या बाजारात दिसू लागलं. रिळाचा दोराही त्याच काळात घरोघर आला. त्याआधी बाया जुन्या लुगड्याच्या काठातले धागे उसवून, पिळून दोरा करत.

पण बाई काही बाजाराला जात नसे. सुई तिच्या दारात येई. सुया, दाभण, मणी, बिब्बे घेऊन भटक्या जमातींच्या बाया गावोगाव फिरत. ओंजळभर ज्वारी द्यायची आणि सुया घ्यायच्या. कुठल्या कापडाला कुठली सुई, हे त्या विकणाऱ्या बाईलाही कळे. ती सुई अंगठ्याच्या नखावर फिरवून दाखवी. टोकाला कंगोरा असला तर नखावर ओरखडा उठतो. आमच्यातल्या दोघी-तिघींना हे लहानपणी पाहिलेलं आठवतं. आजही सुई घेताना असंच पाहावं.

सुई मोलाची, म्हणून तिचे नियमही होते. दिवेलागणीनंतर सुई मागू नये, देऊ नये, असं सगळ्याच घरात सांगत. आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणून हसायचो. पण विचार करा. कंदिलाच्या उजेडात सुई खाली पडली तर सापडणार नाही, आणि अंथरुणात राहिली तर तान्ह्या लेकराच्या अंगात शिरेल. काम थांबवायला लावायचा तो एक मार्ग होता. डोळ्यांनाही विसावा. आमच्या गटात आता नियम केला आहे, काम संपताना सुया मोजायच्या. मोजून कमी भरली तर सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही.

लुगड्याचं आयुष्य

आता कापडाकडं येऊ. आपल्या भागात इरकली लुगडी नेसत. ती कर्नाटकातल्या इरकलहून येत. चोळीला गुळेदगुड्डचा खण. नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ आठ मीटर कापड. ते किती वर्षं चालवायचं, याचं एक शास्त्रच होतं.

नवं असताना ते सणाला, जत्रेला. जरा मळकं झालं की रोजच्या नेसण्याला. मग बसण्या-उठण्याच्या जागी ते विरतं. तेवढा भाग कापून टाकायचा आणि चांगली टोकं जोडायची, याला दांड घालणं म्हणत. दांडाचं लुगडं नेसून रानात जायचं. तेही फाटलं की त्यातून बाळंतपणासाठी दुपटी काढायची. उरलेलं गोधडीत. गोधडी फाटली की तीच नव्या गोधडीच्या पोटात. आणि शेवटी अगदीच चिंधी झाली की शेणानं सारवायचं पोतेरं. एकही धागा उकिरड्यावर जात नसे.

यात गरिबी होती, हे लपवायचं कारण नाही. आमच्या गटातल्या एकीला गोधडीचं नाव काढलेलंसुद्धा आवडत नसे. ती म्हणे, तुम्ही कसलं कौतुक करता, आम्ही सात भावंडं एका वाकळीत झोपायचो, पावसाळ्यात ती वाळायची नाही, तिला वास यायचा, त्यात ढेकूण व्हायचे. पहिल्या पगाराचं ब्लँकेट आणलं तेव्हा आई रडली. तिचं म्हणणंही इतिहासच आहे. गोधडी मायेची, हे खरं. आणि ती नाइलाजाची, हेही खरं.

कुठल्या कापडाला कुठली सुई

जुन्या बायांना नंबर माहीत नव्हते, पण रीत माहीत होती. आज बाजारात सुया नंबरानं मिळतात. लक्षात ठेवायचं एवढंच, की नंबर लहान तर सुई जाड आणि नंबर मोठा तर सुई बारीक. एक नंबर सगळ्यांत जाड, दहा-बारा नंबर सगळ्यांत बारीक.

जुन्या मऊ सुती साड्यांचे चार-पाच थर असतील तर तीन ते पाच नंबरची लांब सुई. लांब सुईवर एका दमात चार-पाच टाके घेता येतात. धावदोरा सरळ रेषेत पडतो. जपानात साशिको नावाचं काम करतात, जुन्या कापडाला धावदोऱ्यानं बळकटी द्यायचं. त्यांची सुईही लांबच असते. बाळाच्या दुपट्याला मात्र सात-आठ नंबरची बारीक आणि आखूड सुई. आखूड सुई वाकत नाही, टाके लहान येतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या बाया रजईचे बारीक टाके अशाच आखूड सुईनं घालतात. दाभण गोधडीच्या अंगाला लावायचाच नाही. तो पोत्यासाठी.

दोरा सुती. सुईच्या नेढ्यातून तो सहज सरकला पाहिजे. घासून पिंजत असेल तर नेढं लहान आहे, सुई बदला. सैल लोंबत असेल तर सुई जाड आहे, भोक उरेल. परीक्षा सोपी. तुकड्यावर दहा टाके घाला आणि उन्हासमोर धरा. ऊन आलं तर सुई चुकली. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त नाही. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि पुन्हापुन्हा कापडातून ओढून तो विरतो. दोऱ्याला मेण लावलं तर तो गुंतत नाही. आणि मधूनमधून सुई केसांतून ओढायची. आज्या करायच्या ते उगीच नव्हे. डोक्याचं तेल सुईला लागतं, ती सरकते आणि गंजत नाही.

अस्तराचं कापड नवं असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्यायचं. आम्ही हे केलं नाही, म्हणून आमचं अस्तर नंतर आटलं. अंगणात अस्तर अंथरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, वर थर लावा, हातानं सुरकुत्या काढा, मग लांब कच्चे टाके घालून सगळे थर टाचून घ्या. त्यानंतर कडेपासून आत या. एक हात खाली असू द्या. खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक लागलं की टाका आरपार गेला असं समजायचं. वरच्या हाताच्या मधल्या बोटात शिंप्याचं अंगुस्तान घाला. आम्ही आधी घालत नव्हतो, बोटं सोलून निघाली. दोन ओळींत बोटभर अंतर. त्याहून जास्त सोडलं की धुताना आतले थर गोळा होतात.

आता नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून टेरीकॉट आलं, नायलॉन आलं. फाटत नाही, लवकर वाळतं, इस्त्री नको. रानात काम करणाऱ्या बाईला त्याचा मोठा आराम झाला. पण गोधडीत ते कापड निसटतं, घाम शोषत नाही, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. लेकरासाठी ते वापरूच नका. मोठ्यांच्या गोधडीला वापरायचं तर सुती आणि नायलॉन शेजारी-शेजारी लावू नका, कारण एक आटतं, दुसरं आटत नाही. सुई बारीक आणि नवी घ्या. बोथट सुईनं त्याचे धागे ओढले जातात.

बोचकं बांधायचे दिवस

हे सगळं आज्यांना माहीत होतं. मग मधेच ते कुठं गेलं? हा आमचा मूळ प्रश्न होता.

गोधडी घराबाहेर पडली ती संकटात. १९४८ मध्ये आधी रझाकारांच्या भीतीनं आणि सप्टेंबरातल्या पोलीस अ‍ॅक्शननंतर सूडाच्या भीतीनं, हिंदू काय, मुसलमान काय, आपल्या भागातल्या किती बायांनी रातोरात बोचकी बांधली. बोचक्याचं वरचं कापड म्हणजे वाकळच. तीत भांडी, पीठ, लेकराचे कपडे. हद्दीपलीकडं पोचल्यावर तीच अंथरायची.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या आया खडी फोडायला गेल्या. सुकडी आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस काढले. लेकरं झाडाला बांधलेल्या झोळीत, झोळीही जुन्या वाकळीची. नवं लुगडं घ्यायची ऐपत कुणाची नव्हती, तेव्हा मदतीच्या धान्याची रिकामी पोती गोधडीच्या पोटात गेली. आमच्यातल्या एकीच्या घरी तशी वाकळ आहे. वरचं कापड फाटलं तिथं आतली इंग्रजी अक्षरं दिसतात.

आणि मग १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. वर पाऊस. ज्या गोधड्यांत माणसं झोपली होती, त्यातच कितीकांना गुंडाळून नेलं. यापलीकडं आम्ही काही सांगत नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांना ते रोज आठवतं.

त्यानंतर मदत आली. ब्लँकेटं आली, शहरांतून जुने कपडे आले. पत्र्याच्या शेडमध्ये दिवस निघाले. पुढं नवी गावं वसली. घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले. हे चांगलंच झालं. दुरुस्तीच्या आणि पुन्हा बांधायच्या कामात बायाही उतरल्या. स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांबरोबर गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या, सिमेंट-लोखंडाचा हिशेब शिकल्या, बैठकीत बोलायला लागल्या. आपल्या भागातल्या बचत गटांची पाळंमुळं बरीचशी त्या दिवसांत आहेत.

पण एक गोष्ट आमच्या तेव्हा लक्षात आली नाही. जुन्या गावात घराला घर लागून होतं. दुपारी एका ओसरीवर चौघी जमायच्या, वाकळ मध्ये अंथरायची, चारी बाजूंनी चौघी बसायच्या. नात सुया ओवून द्यायची, कारण आजीला नेढं दिसायचं नाही. आठ-दहा सुया ओवून ठेवता ठेवता ती पोरगी सगळं पाहायची. कुणी शिकवत नव्हतं, तरी ती शिकायची. नव्या गावात घरं लांबलांब झाली. ओसरी राहिली नाही. शेजारीण कोणत्या ओळीत राहते हे शोधावं लागलं. कितीतरी घरांत शिकवणारी आजीच उरली नव्हती. आणि ब्लँकेटं होती, म्हणून वाकळ शिवायची निकडही नव्हती. सुईत दोरा ओवणाऱ्या नातींची ती साखळी तिथं तुटली. आम्ही त्याच नाती. म्हणून आम्हाला दाभण आणि सुई यांतला फरक दुकानदाराच्या परत आलेल्या मालावरून कळला.

मोल कुणाचं

आज गोधडीला शहरात मागणी आहे. तिच्यावर पुस्तकं निघतात. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं एक खेडं आहे. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशातल्या काळ्या बाया तिथं जुन्या कामाच्या कपड्यांच्या रजया शिवत. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायांनी सहकारी गट काढला. २००२ मध्ये त्यांच्या रजया मोठ्या संग्रहालयात भिंतीवर चित्रांसारख्या लागल्या. थंडी वाजते म्हणून शिवलेली वस्तू लोक रांगा लावून पाहायला गेले. आपल्या वाकळीत आणि त्यात फार अंतर नाही.

पण मान मिळाला म्हणजे मोल मिळालं असं नाही. आम्ही हिशेब मांडला. नीट सुईनं, बोटभर अंतरानं मोठी गोधडी शिवायला रोज तीन तास धरले तर वीस दिवस लागतात. म्हणजे साठ तास. आठ तासांचा रोज धरला तर साडेसात रोज झाले. त्या पहिल्या ऑर्डरला आम्हाला एका गोधडीमागं मजुरीचे तीन रोजही सुटले नव्हते. भाव इतका कमी होता म्हणून घाई केली, घाई केली म्हणून जाड सुई घेतली, जाड सुईनं माल परत आला. चूक आमची होती, पण तिची सुरुवात भावापासून होती. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आता आम्ही दोन भाव ठेवले आहेत. मशीनवर शिवलेली गोधडी स्वस्त. हातानं शिवलेली साडेसात रोज, अधिक कापड, अधिक दोरा. ज्याला परवडेल त्यानं घ्यावी. यावरून गटात अजून वाद आहे. निम्म्या जणी म्हणतात, सगळंच मशीनवर करू, डोळे आणि पाठ वाचेल. त्यांचं खोटं नाही. निम्म्या म्हणतात, मग गिऱ्हाइकानं आपल्याकडं कशाला यावं, सोलापूरची चादर काय वाईट आहे? हा वाद मिटलेला नाही. मिटेपर्यंत दोन्ही चालू आहे. मागच्या वर्षी हातशिलाईच्या नऊच गोधड्या गेल्या. पण त्यातली एकही परत आली नाही, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता संक्रांतीच्या आत फिटला.

मैत्रिणींनो, आता तुमच्याकडं एक मागणं आहे. घरात ट्रंकेत, माळ्यावर, पेटीत जुनी वाकळ असेल. ती काढा, उन्हात घाला. टाके मोजा. एका बोटाच्या पेरात किती टाके आहेत ते पाहा. कुठलं लुगडं कुणाचं, ही मामींची, ही आत्याच्या लग्नातली, हे सांगणारं माणूस अजून असेल तर आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. शिवणारीचं नावही लिहा. आम्ही आता प्रत्येक गोधडीच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, शिवणारीचं नाव दोऱ्यानं घालतो. आजींच्या सासूबाईंचं नाव त्या वाकळीवर नव्हतं. आजींना विचारून ते आम्ही परवा त्याच वाकळीवर घातलं. आठ नंबरची सुई, पांढरा सुती दोरा. आजींना नेढं दिसत नाही, म्हणून दोरा त्यांच्या पणतीनं ओवून दिला. ती दुसरीत आहे.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गटात सापडलेल्या वाकळीविषयी ऐकायला आम्हाला आवडेल. नमस्कार.